नोकरी चालू असतानाच उरकायची तयारी (आयटीवाल्यांसाठी)

ले-ऑफची (कंपनी लोक कमी करणार याची) कुजबुज सुरू झाली की सगळे रेझ्युमे उघडून बसतात, पण माझ्या यादीत रेझ्युमेचा नंबर बराच खाली आहे. सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की लॅपटॉप कंपनीचा, मेल कंपनीचा, आणि ज्या दिवशी काढायच्या लोकांत आपलं नाव येतं त्या दिवशी दोन्ही काही मिनिटांत बंद होऊ शकतात. जानेवारी २०२३ मध्ये गुगलने साधारण १२,००० लोक कमी केले तेव्हा तिथल्या काही जणांना सकाळी लॉगिन होईना तेव्हाच कळलं की आपण गेलो, टीमला बाय म्हणायलासुद्धा मेल उघडत नव्हता. तेव्हा खाली जे काही लिहिलंय त्यातलं निम्म्याहून जास्त काम पगार चालू असतानाच होतं, नंतर करायला गेलं की दार बंद असतं.

आधी अकाउंट बघा. गिटहब (कोड ठेवायची साइट), लिंक्डइन, क्लाउडच्या सर्टिफिकेशनची पोर्टल, ऑनलाइन कोर्सेस, यातलं काय काय ऑफिसच्या मेल आयडीवर उघडलंय ते शोधायचं आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःचा मेल टाकायचा. टू-फॅक्टरचं ॲप (पासवर्डनंतरचा दुसरा कोड देणारं) ऑफिसच्या फोनवर असेल तर ते आपल्या फोनवर आणा, नाहीतर अकाउंट आपलं आणि आपणच बाहेर. मग कागद: ऑफर लेटर, इन्क्रिमेंटची पत्रं, पगाराच्या स्लिपा, टॅक्सचे फॉर्म, इन्शुरन्सची पॉलिसी, शेअर्स मिळाले असतील तर त्याचं ॲग्रीमेंट. हे सगळं एचआरच्या पोर्टलवर असतं आणि पोर्टल लॅपटॉपबरोबर जातं, पुढची कंपनी मात्र बॅकग्राउंड चेकला नेमकं हेच मागते. मॅनेजर आणि दोन-चार जवळच्या लोकांचे पर्सनल नंबर पण घेऊन ठेवा, चॅटवर रोज बोलतो त्या माणसाचा फोन नंबरच आपल्याकडे नसतो ही आयटीतली फार कॉमन गोष्ट आहे.

एक गोष्ट अजिबात न्यायची नाही: कोड, क्लायंटचा डेटा, डिझाइन डॉक्युमेंट. आपणच लिहिलेलं असलं तरी ते कंपनीचं असतं, आणि शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या मेलवर ढीगभर फाइल फॉरवर्ड केल्या की सिक्युरिटीवाल्यांना ते दिसतं, मग जाताना मिळणारा पैसाही अडकू शकतो.

आता या यादीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी जवळपास कोणीच करत नाही. आपण काय काम केलं ते स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवणं. इंटरव्ह्यूला विचारतात, एखादा अवघड प्रॉब्लेम सांगा, आणि चार-पाच वर्षं घासलेला माणूस गप्प बसतो, कारण सगळी आठवण जिराच्या (Jira, कामांची नोंद ठेवायचं ऑफिसचं सॉफ्टवेअर) तिकिटांत होती आणि जिरा आता उघडत नाही. म्हणून दर महिन्याला अर्धा तास बसा आणि लिहा: प्रॉब्लेम काय होता, आधी काय करून बघितलं, ते का सोडलं, शेवटी काय केलं, त्याने काय बदललं. समजा टाइमआउट झाला की क्लायंट तीच रिक्वेस्ट परत पाठवायचा आणि एकच ऑर्डर दोनदा पडायची, मग तुम्ही प्रत्येक रिक्वेस्टला आयडेम्पोटन्सी की लावली (म्हणजे एक खूण, तीच रिक्वेस्ट परत आली तर ओळखू येते), त्याआधी डेटाबेसमध्ये लॉक टाकून बघितलं होतं पण लोड वाढला की सगळं अडायला लागलं. एवढं लिहिलेलं असेल तर त्यावर वीस मिनिटं आरामात बोलता येतं. फक्त 'ऑर्डर मोड्यूलवर काम केलं' एवढंच असेल तर दुसऱ्या वाक्याला विषय संपतो. आकडे असतील तर लिहा, पेज किती वेळात उघडायचं आणि नंतर किती वेळात, पण क्लायंटचं नाव आणि गुप्त आकडे गाळून. आणि 'आम्ही केलं' मधलं 'मी' किती ते वेगळं काढा, इंटरव्ह्यू घेणारा नेमकं तेच खोदून विचारतो. पडलेलं प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टम) आणि रात्री केलेला रोलबॅक (जुन्या व्हर्जनवर परत जाणं) पण लिहा, त्याच गोष्टी जास्त विचारल्या जातात.

हे लिहिलेलं असलं की रेझ्युमे एका संध्याकाळचं काम आहे. एक कॉलम, साधा फॉन्ट, फोटो नको, आणि ते जावा ८० टक्के, पायथन ७० टक्के असे पट्टे तर कृपा करून नकोत (८० टक्के कशाचे?). पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा, ओळी उलट्यासुलट्या आल्या तर कंपनीच्या रेझ्युमे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तशाच दिसू शकतात.

मग माणसं. ज्यांच्याबरोबर काम केलंय आणि जे आता दुसरीकडे गेलेत त्यांची यादी काढा, नोकरी गेल्यावर नाही, आत्ता. आणि मेसेज करताना 'कुठे काही असेल तर सांग' असं लिहू नका, त्यात शोधायचं काम समोरच्यावर पडतं आणि तो लाइक ठोकून विसरतो. त्याच्याच कंपनीतली ओपनिंग आपण शोधायची, तिची लिंक द्यायची, आपण त्या जागेला का फिट बसतो ते तीन ओळींत लिहायचं, म्हणजे त्याला नुसतं पुढे ढकलायचं उरतं.

इंटरव्ह्यूसाठी कोडिंगची प्रॅक्टिस रोज थोडी, पण ऑटोकम्प्लीट बंद करून आणि मोठ्याने बोलत. अनुभव जास्त असेल तर सिस्टम डिझाइनला (मोठी सिस्टम कशी रचायची या प्रश्नांना) जास्त वेळ द्या. इंटरव्ह्यूत एआय वापरलेलं चालेल का ते आधीच विचारा, काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी सरळ बाहेर काढतात.

पैशाचं सगळ्यांना माहितीये, सहा महिन्यांचा खर्च बाजूला, नवीन कर्ज नको, आणि आरोग्य विमा स्वतःचा वेगळा, कारण कंपनीचा नोकरीबरोबर संपू शकतो. अमेरिकेत एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) असाल तर नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस तिथे राहता येतं, त्यामुळे वकिलाचा नंबर आधीच काढून ठेवा.

कामावरून कमी करतोय असं सांगायला एचआरचं बोलावणं आलंच तर त्याच मीटिंगमध्ये सही करू नका. घरी नेऊन वाचतो म्हणायचं. शेवटची तारीख, उरलेल्या रजेचे पैसे, विमा कधीपर्यंत, हे सगळं लेखी मागा, आणि 'राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगला राहील' असं कोणी म्हटलं तर थांबा, कारण राजीनामा दिला की भरपाई आणि बेकारीचा भत्ता यावरचा हक्क बऱ्याच ठिकाणी जातो.

शोध सुरू झाल्यावर फसवणारे पण लगेच सुरू होतात. ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, कसलेही पैसे मागितले की विषय संपला. आपल्या धंद्यातला खास प्रकार म्हणजे खोटा रिक्रूटर कोडिंग टेस्ट म्हणून एक रेपो (कोडचं फोल्डर) पाठवतो, तुम्ही ती रन करता आणि आतला कोड पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट घेऊन जातो. अनोळखी रेपो नेहमी वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवरच (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या वेगळ्या बंदिस्त कॉम्प्युटरवर) चालवायची, आणि मेलचं डोमेन खरंच त्या कंपनीचं आहे का ते बघायचं.

शेवटी एक साधी शीट. कंपनी, रोल, कोणामार्फत, कोणता रेझ्युमे पाठवला, तारीख, पुढे काय. आठवड्याने एकदा विचारणा करा, तरी उत्तर नाही आलं तर ती ओळ राखाडी करा आणि पुढची भरा. काही जाहिरातींतल्या जागा कंपनीला भरायच्याच नसतात, जाहिराती नुसत्या लटकत असतात, त्यामुळे उत्तर न येण्यात दरवेळी आपली चूक असतेच असं नाही. पण रेफरलने (ओळखीच्या माणसाने पुढे ढकलून) गेलेल्या ओळी आणि नुसतं अप्लाय केलेल्या ओळी वेगवेगळ्या मोजा, आणि महिन्याने बघा की कॉल कुठून आले, पुढच्या महिन्याचा वेळ तिकडेच टाका.