गाडीखालचा डाग: जुन्या गाडीची गळती शोधायची कशी

सकाळी गाडी बाहेर काढली, फरशीवर काळा डाग दिसला, की कुणीतरी सांगतंच, "ऑइल सील गेलं." सील म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी. माझ्या मारुती ८००चं तेच झालं. गिअरबॉक्स उतरवून इंजिनचं मागचं सील बदललं आणि आठवड्यात डाग परत हजर! गळत होतं वरचं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग. तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळून खाली सीलपाशी टपकत होतं.

म्हणून आधी पाना नको, पुठ्ठा घ्या. रात्री गाडीखाली अंथरा आणि पुढची चाकं कुठं होती त्याची खूण करा. सकाळी रंग बघा, वास घ्या. काळपट ते इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, गोडसर वासाचं ते कूलंट. दाट आणि गंधकासारखं उग्र ते गिअर ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, बुळबुळीत काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल समजा आणि गाडी हलवू नका, मिस्त्रींना घरी बोलवा. एसीचं स्वच्छ पाणी पडतंच, त्याची काळजी नको.

आता खरं काम धुण्याचं, आणि नेमकं हेच सगळे टाळतात. इंजिन थंड असताना ब्रश आणि रॉकेलनं वर्षांची काजळी काढा, कोरडं पुसा. संशयाच्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि कोल्हापूरच्या रंकाळ्याला एक फेरी मारून या. पावडर जिथं ओली झाली असेल त्यातली सर्वांत वरची जागा धरा. वाऱ्यानं तेल मागं उडतं, म्हणून पुढून मागं बघत या. खाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, घोडी, म्हणजे गाडीला खालून टेकू देणारा लोखंडी स्टँड, लावाच.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलता येतं. दोन्ही कडा खरवडून स्वच्छ करा, बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. पत्र्याचं कव्हर जोर लावला की वाकतं आणि जास्तच गळतं. चेंबरच्या (इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याच्या) ड्रेन बोल्टचा वॉशर ऑइल बदलताना दरवेळी नवा घाला.

कूलंट गळत असेल तर आधी होज पाइपच्या क्लिपा बघा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी येत असेल तर आतलं सील गेलंय. त्या भोकात एमसील भरणारे महाभाग मी पाहिलेत. पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं.

सील बदलायचंच ठरलं तर त्याआधी ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी, काढून फुंकून बघा. तो तुंबला की इंजिनातला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून ढकलतो, नवं सीलही टिकत नाही. जुनं सील खिशात घालून उद्यमनगरात स्पेअर पार्टच्या दुकानात जा. त्यावर ३५-५०-८ असे आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. शाफ्टवर नख अडकेल अशी चर पडली असेल तर जागा असल्यास सील एखादा मिलिमीटर पुढं-मागं बसवायला सांगा, म्हणजे त्याची कड कोऱ्या जागेवर येते.

२०१९ किंवा २०२१च्या कोल्हापूरच्या पुरात गाडी बुडाली असेल आणि गिअर ऑइल दुधासारखं दिसत असेल, तर त्यात पाणी शिरलंय; सील बघायच्या आधी ते ऑइल बदला.

काम झालं की ऑइलची पातळी बघा आणि आठवडाभर नवा पुठ्ठा अंथरा.