मॉडिफाय केलेली कॅप्रिस पीपीव्ही विकायची असेल तर आधी हे वाचा

शेवरोले कॅप्रिस पीपीव्ही, म्हणजे पोलिसांच्या गस्तीसाठी बनवलेली गाडी, त्यात व्ही८, आणि त्यातही इंजिनपासून सस्पेन्शनपर्यंत सगळं बदललेली, अशी गाडी विकायला काढली की सुरुवातीला मेसेजचा पाऊस पडतो आणि त्यात खरा खरेदीदार एखादाच निघतो. बाकीचे "किती पळते", "व्हिडिओ पाठवा", "माझ्या मस्टँगशी बदली करणार का" याच्यापुढे जात नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी कॅलिफोर्नियातला आहे त्यामुळे कागदपत्रांचं सगळं इथल्या हिशोबानं सांगतो, दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या डीएमव्हीचे (आपल्याकडच्या आरटीओसारखं खातं) नियम बघून घ्या, बाकी सगळं कुठेही लागू होतं.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही शेवरोले नावाची असली तरी बनली ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडजवळच्या एलिझाबेथला होल्डनच्या कारखान्यात, आणि अमेरिकेत २०११ ते २०१७ या मॉडेल इयरमध्ये फक्त पोलीस खात्यांना विकली गेली, शोरूममध्ये जाऊन तुम्हीआम्ही नवी घेऊच शकत नव्हतो. ६ लिटरचं एल७७ व्ही८, ३५५ हॉर्सपॉवर, मागच्या चाकांना ताकद, ११८.५ इंचांचा व्हीलबेस. नंतर ३.६ लिटरचं व्ही६ पण आलं. कारखाना २० ऑक्टोबर २०१७ ला बंद झाला, २०२० मध्ये जीएमनं (जनरल मोटर्स, शेवरोले आणि होल्डन दोन्हीची मालक कंपनी) होल्डन हे नावच बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे आता आहेत तेवढ्याच गाड्या, त्यातल्या बऱ्याच पोलिसांनी पिळून काढलेल्या. चांगल्या ठेवलेल्या गाडीला गिऱ्हाईक आहे ते यामुळेच.

आता मुद्द्याचं. मॉडिफिकेशनवर घातलेले पैसे परत येत नाहीत, हे आधी मनाशी पक्कं करा. सुपरचार्जर, कॅम, हेडर्स, कॉइलओव्हर, मोठे ब्रेक यांच्या पावत्यांची बेरीज करून गाडीची किंमत ठरवली की गाडी पडून राहते. समोरचा माणूस पैसे मोजतो ते काम नीट झालंय या खात्रीचे, आणि ती खात्री कागदावर असावी लागते, तोंडी सांगून काही होत नाही. मी तर म्हणेन की अशा गाडीत निम्मी किंमत फाइलची असते.

त्यामुळे पहिलं काम फाइल. पोलीस खात्यानं गाडी लिलावात काढली तेव्हाचे कागद, कुठल्या खात्याची होती, कामाला काय होती, ते जितकं सापडेल तितकं जमवा. ९सी१ म्हणजे गस्तीचं पॅकेज आणि ९सी३ म्हणजे डिटेक्टिव्ह पॅकेज, हे लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहा कारण जाणकार पहिला प्रश्न हाच विचारतात. डिटेक्टिव्हच्या गाडीला छतावर दिव्यांची भोकं नसण्याची शक्यता जास्त, म्हणून लोक ती शोधतात. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) ६ नं सुरू होतो, ६ म्हणजे ऑस्ट्रेलिया, त्या पाटीचा स्वच्छ फोटो टाका. शेवरोलेच्या डीलरकडे व्हीआयएन दिला तर बहुतेक ठिकाणी आरपीओ कोडांची (कारखान्यात गाडीला काय काय बसवलं त्याचे कोड) यादी काढून देतात, ती पण जोडा.

मायलेजबरोबर इंजिनचे तास सांगा. पोलिसांची गाडी तासन् तास उभ्या उभ्या चालू असते, ओडोमीटर हलत नाही आणि इंजिन झिजत असतं. फोर्डनं आपल्या पोलीस गाड्यांसाठी एक तास आयडलिंग म्हणजे साधारण ३३ मैल असा हिशोब सांगितलेला आहे, तोच लोक सगळ्याच पोलीस गाड्यांना लावतात. तुमच्या गाडीचे तास कमी असतील तर ती मोठी जमेची बाजू आहे, आणि जास्त असतील पण इंजिन नंतर उघडून बांधलेलं असेल तर त्या कामाची पावती आणि फोटो दाखवा, प्रश्न तिथेच मिटतो.

एल७७ बद्दल विचारणारच, ते लिफ्टरचं, म्हणजे कॅमशाफ्टवरून व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांचं. या इंजिनात अ‍ॅक्टिव्ह फ्युएल मॅनेजमेंट (एएफएम) आहे, हायवेला आठातले चार सिलिंडर बंद करून पेट्रोल वाचवतात, आणि त्या सिलिंडरांचे खास लिफ्टर बिघडले की कॅमशाफ्ट पण खराब होतो. तुम्ही एएफएम डिलीट केलं, म्हणजे ही यंत्रणा काढून टाकली असेल तर काय काय बदललं ते एकेक लिहा, लिफ्टर, कॅम, व्हॅली कव्हर, ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर), कुणी केलं, किती मैलांवर केलं. नुसतं "एएफएम डिलीट" असं लिहिलं तर जाणकाराला वाटतं की ट्यूनमधून फक्त बंद केलंय आणि लिफ्टर जुनेच आहेत, आणि तो इथेच किंमत पाडतो. कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीकडाउन टेस्ट (सिलिंडर दाब नीट धरतात का याच्या तपासण्या) ताजी करून घ्या, डायनो शीट (इंजिनची ताकद मोजल्याचा कागद) असेल तर तारखेसकट द्या. आणि थंड इंजिन सुरू करतानाचा एक व्हिडिओ काढाच, रात्रभर उभी असलेली गाडी, बॉनेट उघडं, फोन इंजिनजवळ, एकही कट न करता दोन-तीन मिनिटं. टिकटिक आहे की नाही ते त्यात लगेच कळतं आणि दहा फोन वाचतात.

आता कॅलिफोर्नियावाल्यांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायची गोष्ट, स्मॉग, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी. इथे खासगी विक्रीत स्मॉग सर्टिफिकेट द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे आणि ते ९० दिवसांच्या आतलं लागतं. "खरेदीदार बघून घेईल" असं तोंडी ठरवलं तरी जबाबदारी तुमचीच राहते. त्यात जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर पण तपासतात, मूळ कंपनीचं नसेल आणि कार्बची (कॅलिफोर्नियाचं हवेचं प्रदूषण रोखणारं खातं) मान्यता नसेल तर गाडी नापास, धूर कितीही स्वच्छ असू दे. मान्यता मिळालेल्या पार्टला कार्बचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर असतो, डी नं सुरू होणारा, त्याचं स्टिकर इंजिन बेमध्ये दिसायला हवं. सुपरचार्जर किटला असा नंबर असेल तर तो नेमका तुमच्या मॉडेलला आणि वर्षाला लागू आहे का हे कार्बच्या साइटवर बघा, कारण त्याच इंजिनच्या दुसऱ्या गाडीचा नंबर चालत नाही. लाँग ट्यूब हेडर्स (इंजिनमधून धूर बाहेर नेणारे लांब पाइप) लावून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मागे सरकवला असेल तर नुसतं खाली बघूनच नापास करतात, आणि कन्व्हर्टर काढूनच टाकला असेल तर तो केंद्राच्या क्लीन एअर अ‍ॅक्टखाली पण बेकायदेशीर आहे, राज्य कुठलंही असो.

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत, ज्या पार्टला मान्यता नाही तो काढा आणि मूळ पार्ट परत बसवा, ट्यून मूळ करा, स्मॉग पास करा आणि मग गाडी विका. काढलेले पार्ट वेगळे विकता येतात, आणि या गाडीच्या बाबतीत ते सोपं आहे कारण हाच झीटा प्लॅटफॉर्म पाँटिअ‍ॅक जी८, शेवरोले एसएस आणि पाचव्या पिढीच्या कमारोलाही आहे, सस्पेन्शन-ब्रेकचे बरेच पार्ट त्यांना चालतात, म्हणजे घेणारे पुष्कळ. बाहेरच्या राज्यात विकायची असेल तरी आधी डीएमव्हीला विचारून लेखी काय लागतं ते समजून घ्या, अंदाजावर जाऊ नका. स्मॉगला नेण्याआधी बॅटरी काढली असेल किंवा कोड पुसले असतील तर काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, नाहीतर मॉनिटर (गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या) तयार नाहीत म्हणून परत पाठवतात.

पोलिसी खुणा. सायरन, लाल-निळे दिवे, "पोलीस" लिहिलेलं काहीही, खात्याचं चिन्ह, हे सगळं विकायच्या आधी काढा, आणि गाडी अजून काळी-पांढरी असेल तर रंग बदला, पोलिसांसारखी दिसणारी रंगसंगती कॅलिफोर्नियात रस्त्यावर चालत नाही. खिडकीजवळच्या खांबावरचा स्पॉटलाइट हा वेगळा विषय आहे, कितीतरी लोकांना तो हवाच असतो, आणि काढला तर खांबाला भोक उरतं. भोकं मात्र लपवू नका. छताला अँटेनाची, डॅशबोर्डला कॉम्प्युटर स्टँडची, ट्रंकमध्ये रेडिओची, प्रत्येकाचा जवळून फोटो. रबरी बूच लावलेलं असेल तर बूच काढून आतून गंज नाही ना ते दाखवा. पोलिसांच्या वर्कशॉपनं गाडी सोडताना वायरी नुसत्या कापलेल्या असतात, मधल्या कन्सोलखाली त्यांचा गुंता असतो, तो कुणाकडून तरी नीट सोडवून टेप करून घ्या. रात्री बॅटरी उतरते ती बऱ्याचदा याच्यामुळे.

जुने पार्ट टाकून दिले नसतील तर ते तुमचं सोनं आहे. स्टीलची १८ इंची चाकं, मधल्या टोप्या, मूळ सीट (कमरेच्या पट्ट्यावर बंदूक-बेड्या असतात म्हणून पाठीला खास खोलगट केलेल्या), मूळ एक्झॉस्ट, एअरबॉक्स, सगळं जमिनीवर मांडून एक फोटो काढा आणि गाडीबरोबर द्या. कॅप्रिस एसएसपेक्षा लांब आहे, एसएसचा व्हीलबेस ११४.८ इंच, त्यामुळे मागचे दरवाजे, त्यांची काच, रबर हे एसएसचं बसत नाही. असले सुटे पार्ट तुमच्याकडे असतील तर त्यांची किंमत सुपरचार्जरपेक्षा जास्त भरते, समजणाऱ्याला.

कुठे विकायची तर दोन मार्ग. ब्रिंग अ ट्रेलर किंवा कार्स अँड बिड्स या वेबसाइटवर लिलाव, किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर थेट. गाडी स्वच्छ आणि फाइल भक्कम असेल तर मी लिलावच सांगेन, कारण तिथे ही गाडी ओळखणारे देशभरचे लोक एका ठिकाणी असतात. पण तिथे कमेंटमध्ये लोक खोदून खोदून विचारतात, लिलाव चालू असेपर्यंत रोज उत्तरं द्यायची तयारी ठेवा, "माहीत नाही, बघून सांगतो" म्हणा आणि खरंच गाडीखाली जाऊन फोटो काढून टाका. असा विकणारा दिसला की बोली वाढते, हे मी परत परत पाहिलंय. रिझर्व्ह (याच्याखाली विकणार नाही अशी किंमत) ठेवायचा तर विकल्या गेलेल्या गाड्यांचे भाव बघून ठेवा, मागितलेल्या किमती बघून नको. मार्केटप्लेसवर लोक काहीही मागतात आणि गाडी वर्षभर तिथेच असते.

भारतातले गाडीवेडे मित्र हमखास विचारतात की इकडे पाठव ना. ते जमत नाही, जुन्या गाडीच्या आयातीला उजव्या बाजूचं स्टिअरिंग लागतं आणि गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, ही तर डाव्या स्टिअरिंगची आणि कितीतरी जुनी.

टेस्ट ड्राइव्हला आधी तुम्ही चालवा, समोरच्याला बाजूला बसवा. लायसन्स आणि इन्शुरन्सचा फोटो घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका, आणि ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवायचं हे आधीच सांगा. मॉडिफाय करून ५०० हॉर्सपॉवरची झालेली लांबलचक मागच्या चाकांची गाडी अनोळखी माणसाच्या हातात देताय, संकोच करू नका. त्याला स्वतःच्या मेकॅनिककडून तपासायची असेल तर आनंदानं हो म्हणा, जो तपासून घेतो तो नंतर भांडत नाही.

पैसे घ्यायचे ते खरेदीदाराच्या बँकेच्या शाखेत, काउंटरवर, तुमच्यासमोर कॅशिअर्स चेक (बँकेनं स्वतः काढलेला चेक) बनवून, किंवा वायर खात्यात जमा झाल्याचं तुमच्या बँकेनं सांगितल्यावर. घरी आणलेला चेक कितीही खरा वाटला तरी नको. कुणी ठरलेल्या किमतीपेक्षा जास्तीचा चेक पाठवून "उरलेले गाडी न्यायला येणाऱ्याला द्या" म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा, तो शंभर टक्के फ्रॉड.

पिंक स्लिपवर (गाडीच्या मालकीचा कागद) खाडाखोड अजिबात नको, एक आकडा चुकला तरी वेगळा फॉर्म भरावा लागतो. ओडोमीटरचा आकडा लिहायलाच लागतो, २०११ पासूनच्या मॉडेलना ही अट २० वर्षं आहे, म्हणजे सगळ्या पीपीव्ही त्यात येतात. मीटर किंवा क्लस्टर कधी बदललं असेल तर ते लपवणं हा गुन्हा आहे. कर्ज बाकी असेल तर बँकेची सही आधी मिळवा. बिल ऑफ सेलवर "आहे तशी, कुठलीही वॉरंटी नाही" हे लिहा आणि खाली बदललेल्या पार्टची पूर्ण यादी जोडून दोघांच्या सह्या घ्या, पुढे कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं. ट्यूनची फाइल, ट्यूनरचं नाव-नंबर, कुठलं पेट्रोल घालायचं, हे एका कागदावर लिहून द्या, चुकीचं पेट्रोल पडलं तर सुपरचार्जर लावलेलं इंजिन जायला वेळ लागत नाही.

गाडी गेल्यावर ५ दिवसांच्या आत डीएमव्हीच्या साइटवर रिलीज ऑफ लायबिलिटी (गाडी विकली, आता जबाबदारी माझी नाही असं कळवणारा फॉर्म) भरा, खरं तर त्याच संध्याकाळी भरा. कॅलिफोर्नियात साधी नंबरप्लेट गाडीबरोबरच जाते, त्यामुळे हे भरलं नाही तर नव्या मालकाचे टोल आणि पार्किंगचे दंड तुमच्या घरी येतात. फास्टट्रॅकचा (टोल भरायचा) टॅग काढून घ्या आणि खात्यातून ती प्लेट पण काढा, लोक टॅग काढतात आणि प्लेट विसरतात. इन्शुरन्स मात्र रिलीज भरल्याची पावती हातात आल्यावरच बंद करा, त्याच्या आधी नाही.