आधी परमिट, मग बॅग

भारतात कुठे फिरायला जायचं हा विषय घरात निघाला की आधी फोटो बघितले जातात, मग खर्चाचा हिशोब, मग बॅगा. तिथे शिरायला परवानगी लागते का आणि लागत असेल तर कुठल्या कागदावर मिळते, हे बघायचं राहून जातं. गेल्या खेपेला सिक्कीममधल्या नाथूला खिंडीत जाणं आमचं त्याच्यावरूनच हुकलं. आईजवळ फक्त पॅन कार्ड होतं, ते चाललं नाही. बाकीचे गेले, आई आणि मी गंगटोकातच थांबलो. म्हणून ही तयारी सविस्तर लिहितेय, आणि परमिटबद्दल पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

सुरुवात मात्र महिन्यापासून करा. ठिकाण आधी ठरवून मग सुट्टी मिळेल तेव्हा जायचं, असं केलं की निम्मं सौंदर्य हुकतं. कास पठार बहरतं ते सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. दिवाळीच्या सुट्टीत जाल तर वाळलेलं गवत दिसेल. उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढीच उघडी असते, आणि खरी फुलं जुलै-ऑगस्टची, म्हणजे पाऊस अंगावर घ्यायची तयारी हवी. कच्छचं रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं. पाणी आटून मीठ पांढरं दिसायला लागतं ते नोव्हेंबरपासून, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही पौर्णिमेच्या आसपासची रात्र धरा. मेघालयात डावकीला उमंगोट नदीचं पाणी हिवाळ्यात इतकं नितळ असतं की नावेची सावली थेट तळाच्या गोट्यांवर पडलेली दिसते. तीच नदी पावसाळ्यात गढूळ असते, तेव्हा फोटोतलं पाणी दिसलं नाही म्हणून नावाड्यावर चिडू नका. मुन्नारजवळचं एरविकुलम राष्ट्रीय उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीसाठी बंद असतं. तिथली नीलकुरिंजी १२ वर्षांनी फुलते; २०१८ला फुलली होती, आता २०३०. काझीरंगा पावसाळ्यात बंद. एवढं कॅलेंडरवर मांडलं की निम्मे वाद आपोआप मिटतात.

महिना ठरला, ठिकाण ठरलं. आता तिकिटाकडे धावू नका. आधी परमिट.

ईशान्येकडच्या चार राज्यांत, म्हणजे अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरमध्ये, बाहेरच्या भारतीय माणसाला इनर लाइन परमिट लागतं. हा नियम १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनपासूनचा आहे. मणिपूर त्यात २०१९च्या शेवटी आलं. आसाम आणि मेघालयला ते लागत नाही, त्यामुळे गुवाहाटी-शिलाँग करून आलेले लोक खात्रीने सांगतात की ‘काही लागत नाही हो’. त्यांचं ऐकून अरुणाचलातल्या तवांगला निघू नका. अरुणाचलचं परमिट ऑनलाइन निघतं, पण प्रत्येकाचं वेगळं, आणि त्याच्या दोन-तीन छापील प्रती हातात हव्यात, कारण चेकगेटवर मोबाइलला रेंज असेलच असं नाही. तवांगहून पुढे बुमला खिंडीत जायचं तर या परमिटवर भागत नाही. तिथली परवानगी वेगळी, ती तवांगलाच काढावी लागते. म्हणून तवांगला एकच मुक्काम ठेवलात तर बुमला विसरा.

सिक्कीमची गोष्ट वेगळी. राज्यात शिरायला आपल्याला काही लागत नाही, आणि इथेच फसगत होते. गंगटोक, पेलिंग बिनधास्त फिरता येतं, पण नाथूला, छांगू तलाव आणि उत्तर सिक्कीममधलं लाचेन, लाचुंग, गुरुडोंगमार तलाव यांना परमिट लागतं आणि ते नोंदणीकृत एजंटामार्फत निघतं. कागद आदल्या दिवशी द्यावे लागतात. तिथे प्रत्येकाचं ओळखपत्र उलटंपालटं करून बघतात, फोटो चेहऱ्याशी ताडतात, नाव अर्जातल्या नावाशी जुळवतात. पॅन कार्ड चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. आधारवर विसंबू नका. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्या, तेही मूळ. मोबाइलमधला फोटो म्हणजे ओळखपत्र नव्हे. झेरॉक्स म्हणजे मूळ नव्हे. लहान मुलांचा जन्मदाखला न्या. पासपोर्ट साइज फोटो प्रत्येकाचे निदान सहा, आणि ते इथेच काढून घ्या. गंगटोकला संध्याकाळी फोटो स्टुडिओ शोधत चढ-उतार करण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

घरातल्या वयस्कर माणसांचं मतदार कार्ड आत्ताच, हे वाचताना, कपाटातून काढून बघा. ते आहे का? त्यावरचं नाव बाकीच्या कागदांशी जुळतं का? कुणाचं माहेरचं नाव, कुणाच्या आडनावाचं स्पेलिंग वेगळं, कुणाचं कार्ड जुन्या पत्त्यावर राहिलेलं. ही दुरुस्ती निघायच्या आठवड्यात होत नाही, तिला महिने लागतात. सासूबाई, आई, काका यांना ‘कागद घेतलेत ना?’ असं नुसतं विचारू नका. ते हो म्हणतात, आणि त्यांच्या मनात आधार असतं. कार्ड स्वतः हातात घेऊन बघा.

बाकीच्या ठिकाणांचं भराभर सांगते. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. तो हातात पडेपर्यंत कोचीचं तिकीटही काढू नका. पांढऱ्या रणात जायला भिरंडियाराच्या नाक्यावर किंवा ऑनलाइन परमिट घ्यावं लागतं. उटी आणि कोडाईकनालला बाहेरून येणाऱ्या गाड्यांना मे २०२४पासून ई-पास लागतो. तो मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सुरू झाला, तेव्हा नाक्यावरच्या पोलिसाशी हुज्जत घालून उपयोग नाही. हिमाचलातल्या रोहतांग खिंडीत जाणाऱ्या गाड्यांची रोजची संख्या ठरलेली असते आणि परमिट ऑनलाइन मिळतं. अटल बोगद्यातून लाहौलला जायला ते लागत नाही, पण बोगद्यातून गेलं म्हणजे रोहतांग बघितलं असं होत नाही; बोगदा खिंडीच्या खालून जातो. कासला सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन नोंदणी न करता गेलात तर परत फिरावं लागू शकतं. लडाखचे नियम अलीकडे बदललेत, म्हणून मित्राच्या जुन्या अनुभवावर न जाता लेह प्रशासनाचं संकेतस्थळ निघण्याआधी स्वतः वाचा.

याच्या जोडीला आठवड्याची सुट्टी बघा, तीही परमिटइतकीच अडवते. नाथूला सोमवार-मंगळवार बंद. रोहतांग मंगळवारी बंद. ताडोबाही मंगळवारी बंद. ताजमहाल शुक्रवारी बंद. मेघालयात रविवारी बरीच दुकानं आणि खानावळी बंद असतात. नाथूलासाठी गंगटोकात बुधवार ते रविवार यांतले दोन दिवस मोकळे ठेवा, एक ठरलेला आणि एक राखीव, कारण बर्फ पडला की रस्ता बंद होतो आणि परमिट त्या एका दिवसाचंच असतं.

आता तिकिटं. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस डोक्यात असतील तर ते काढून टाका. न्यू जलपायगुडी, काठगोदाम, चंदीगडच्या गाड्या सुट्टीच्या काळात उघडल्या उघडल्या भरतात. तिकिटावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावासारखंच टाका. तेच नाव पुढे परमिटच्या अर्जातही जाणार आहे, म्हणून इथेच चूक नको.

उंचीकडे लोक फार हलक्यात बघतात. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. मुंबईहून विमानाने सकाळी उतरलात तर तो दिवस आणि दुसरा दिवस खोलीवर काढा. बाजारात रमतगमत फिरायचं, एवढंच. पहिल्याच दुपारी खारदुंगला खिंडीत नेणारे ड्रायव्हर मिळतात. त्यांना नाही म्हणा. गुरुडोंगमारचं प्रकरण त्याहून कडक आहे: लाचेन साधारण नऊ हजार फुटांवर, आणि तिथून पहाटे निघून त्याच सकाळी पावणेअठरा हजारांवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्माच असतो. अगदी लहान मूल, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेलं माणूस यांना तिथे नेऊ नका, कितीही वाईट वाटलं तरी. डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं ही विरळ हवेची लक्षणं आहेत. ती दिसली की आणखी वर चढायचं नाही, वाढली तर खाली उतरायचं. ॲसिटाझोलामाइडची गोळी शेजाऱ्यांनी सांगितली म्हणून घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना ती त्रास देऊ शकते. आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

फोनबद्दल एकच, पण महत्त्वाचं: लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये आपल्याकडचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातलं एक तरी पोस्टपेड असू द्या. नकाशे आधी डाउनलोड करा. रोख पैसे न्या, लाचेनसारख्या ठिकाणी यूपीआयच्या भरवशावर राहता येत नाही.

गाडी ठरवताना कुठली ठिकाणं धरली आहेत, ते लिहून घ्या. उत्तर सिक्कीमच्या पॅकेजमध्ये लाचुंगच्या पुढच्या झीरो पॉइंटचे पैसे बहुतेकदा वेगळे पडतात. आणि परमिट कोण काढणार, आपण की एजंट, ते स्पष्ट विचारा. एजंट काढणार असेल तर त्याला कागद व्हॉट्सॲपवर आधीच पाठवा आणि ‘हे चालतील का’ याचं लेखी उत्तर घ्या. ‘आओ, हो जाएगा’ हे उत्तर नाही.

कपडे तुम्हाला कळतात. जाड एकाच स्वेटरपेक्षा पातळ तीन थर बरे, आणि मोजे जास्तीचे. बूट नवे घेतले असतील तर आधी महिनाभर घालून चाला, मेघालयात नोंग्रियाटच्या, झाडांच्या मुळांच्या पुलापर्यंत जाता-येता हजारो पायऱ्या आहेत आणि नवा बूट तिथे पाय सोलून काढतो. नेहमीची औषधं दुप्पट, चिठ्ठीसकट. टॉर्च. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सामानात टाकायची नाही. पिशवी कचऱ्यासाठी.

कागदांची फाइल वेगळी: मूळ मतदार कार्ड किंवा पासपोर्ट, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स, फोटो, मुलांचे जन्मदाखले, परमिटच्या छापील प्रती, हॉटेलचं बुकिंग. ही फाइल चेक-इन सामानात जाणार नाही, एका माणसाच्या खांद्यावरच्या बॅगेत राहील, आणि तो माणूस कोण हे आधी ठरवा.

परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा सोडा. गंगटोक ते बागडोगरा रस्ता तिस्तेच्या काठाने येतो, दरड कोसळली की बंद होतो, आणि मग लावा-गोरुबथानवरून वळसा घालून यावं लागतं. पावसाळ्यात निघणार असाल तर आदल्या दिवशीच सिलिगुडीत उतरा.