जुन्या पाटल्या मोडण्याआधी टंच बघून घ्या

परवा विट्याहून पुतणीचा फोन. "काका, आजीच्या पाटल्या मोडायच्यात. दुकानदार म्हणतो अठरा कॅरेटच भरेल. आजी तर बावनकशी म्हणायची." कोईमतूरला मी एकतीस वर्षं गलाई केली, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. आमच्या खानापूर-आटपाडीची कितीतरी माणसं याच धंद्यापायी देशभर पांगलीत. तिला सांगितलं तेच इथं लिहितो. टंच म्हणजे सोन्याचा कस, शंभर भागांत शुद्ध सोनं किती ते.

रंगावर जाऊ नका. सोन्यात तांबं जास्त असलं की लाली येते, चांदी जास्त असली की फिकटपणा. दोन्ही सोनी बावीस कॅरेटची असू शकतात. आणि अगदी शुद्ध सोनं तर आमच्या हातात पडतं तेव्हा सोन्यासारखं दिसतच नाही. भेसळीच्या सोन्यात तिप्पट चांदी घालून वितळवायचं, पत्र्यासारखं पातळ करायचं नि नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं. चांदी-तांबं विरघळतं, तळाला उरते तपकिरी भुकटी. नवखा पोरगा कॉफीचा चोथा समजून ओतून देईल! मुशीत वितळली की मग पिवळी होते.

आता शिक्का. २४ भागांतले २२ भाग सोनं म्हणजे ९१.६ टक्के, म्हणून ९१६. अठरा कॅरेटला ७५०. एप्रिल २०२३ पासून दुकानात विकायच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, लागतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये घाला. ॲप अंगठी म्हणतंय आणि तुमच्या हातात साखळी आहे, तर शिक्का खोटा. आजीच्या पाटल्यांवर यातलं काहीच नसणार.

पाटली भरीव असेल तर घरी पाण्याचं वजन काढा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. आधी पाटली कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेली पाटली पूर्ण बुडवा, पण तळाला-कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे चिकटू देऊ नका. काटा दाखवेल त्या आकड्यानं कोरड्या वजनाला भागा. उत्तर १७.६ ते १८ आलं तर बावीसच्या आसपास, १५ ते १६ आलं तर अठराच्या. वीस ग्रॅमची बावीस कॅरेटची पाटली साधारण १.१३ दाखवते. बोरमाळ, लाख भरलेले तोडे, खड्यांचा दागिना यांना ही युक्ती लावू नका, उत्तर चुकणारच.

दुकानातलं मशीन किरण सोडून टंच सांगतं, पण ते फक्त वरचा थर वाचतं. जाड मुलामा असला तर जास्त दाखवेल, आणि नेमकं सांध्यावर धरलं तर कमी, कारण सांधा जोडायला लावलेलं रेण हलक्या कसाचं असतं. पुतणीच्या बाबतीत हेच झालं असावं. म्हणून दोन-तीन जागी धरायला लावा. हॉलमार्किंग केंद्रात फी भरून तुमचा दागिना तुम्हीही तपासून घेऊ शकता.

खरा टंच वितळवल्यावरच कळतो, कारण रेणासकट सगळं एकजीव होतं. बावीसचा जुना दागिना अशा वेळी ८८-८९ भरला तर दचकू नका. वितळवताना समोर उभे राहा. आधीचं वजन लिहा, वितळून झालेली लगड, म्हणजे सोन्याची कांडी, थंड झाली की पुन्हा लिहा. समजा लगड ३६ ग्रॅम, टंच ८८: शुद्ध सोनं ३१.६८ ग्रॅम. त्याला त्या दिवशीचा चोवीस कॅरेटचा दर.

इथंच खेळ होतो. मळ, लाख जळून गेलेली घट लगडीच्या वजनात आधीच वजा झालेली असते, तांब्याची वजावट टंचात झालेली असते. तरी काही जण वर आणखी दोन-तीन टक्के "घट" कापतात. कशाची, ते विचारा. पटलं नाही तर लगड रुमालात बांधा नि दुसरं दुकान गाठा.