आठवड्याचे चार तास: पुण्यातील विद्यार्थ्याने प्राणी बचावाचे काम कसे सुरू करावे आणि कसे टिकवावे

दर वर्षी महाविद्यालये सुरू झाली की प्राण्यांसाठी काहीतरी करायचे आहे, असे सांगत बरीच मुले-मुली भेटायला येतात आणि दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत त्यांतली दोन-तीनच उरतात. जी येईनाशी होतात त्यांची माया खोटी नसते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी न पेलणारा भार उचललेला असतो: रोज रात्री फेरी, खोलीवर तीन पिल्ले, दवाखान्याचे बिल स्वतःच्या मेसच्या पैशांतून. सहामाही परीक्षा आली की हे सगळे एकदम सुटते आणि अर्धवट उपचार झालेले जनावर मात्र गल्लीतच राहते. त्यामुळे या लेखातील प्रत्येक पायरी एकाच हेतूने लिहिली आहे, तो म्हणजे हाती घेतलेला प्राणी बरा होईपर्यंत विद्यार्थी त्याच्याबरोबर असावा.

आधी तास ठरवावेत

राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास, म्हणजे वर्षाला 120 तास काम करणे अपेक्षित असते. अध्यापनाचे साधारण 30 आठवडे धरले तर आठवड्याला चार तास होतात. तुम्ही योजनेत असा वा नसा, सुरुवातीला एवढेच तास घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मंगळवारी संध्याकाळी दीड तास आणि रविवारी सकाळी अडीच तास, असे ते प्रॅक्टिकलप्रमाणे वेळापत्रकात लिहून ठेवावेत. महाविद्यालयात योजनेचा विभाग असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटून हे काम नियमित उपक्रमात धरता येईल का, हे विचारावे आणि होकार मिळाल्यास तो लेखी घ्यावा. घरी आई-वडिलांना आणि वसतिगृहात राहत असाल तर रेक्टरांना आधीच सांगावे. चोरून आणलेले पिल्लू चार दिवसांत उघडकीला येते आणि मग त्याला कुठे ठेवायचे, हा प्रश्न रात्री अकरा वाजता उभा राहतो.

कुत्र्याला हात लावण्यापूर्वी लस

ही पायरी गाळणाऱ्या विद्यार्थ्याला मी कामावर घेत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून प्राण्यांबरोबर नियमित काम करणाऱ्याने प्रतिबंधक लसीचे तीन डोस आधीच पूर्ण करावेत. पहिला डोस शून्याव्या दिवशी, दुसरा सातव्या आणि तिसरा एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी घेतला जातो. त्याच वेळी डॉक्टरांना धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दलही विचारावे. एवढे करूनही प्राणी चावला किंवा ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून धुवावी. हळद, तिखट किंवा चुना भरू नये. त्यानंतर त्याच दिवशी ससूनमध्ये किंवा जवळच्या पालिका रुग्णालयात जावे. पूर्वी तिन्ही डोस झालेले असले तरी चाव्यानंतर शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी असे दोन डोस घ्यावेच लागतात. ‘लहान पिल्लूच तर होते, दात नुसते लागले’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी त्या विद्यार्थ्याला हाताला धरून रुग्णालयात नेले आहे.

पहिले दोन महिने पिंजरे धुवावेत

पुण्यात शिकण्यासाठी चांगल्या जागा आहेत. 2007 पासून काम करणारा रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे, मुंढव्याला ब्लू क्रॉस सोसायटी आहे. अशा एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवताना वयाची अट, पालकांचे संमतिपत्र आणि कामाचे वार हे आधी विचारून घ्यावे. सुरुवातीला वाट्याला झाडलोट येते, भांडी घासणे येते, चादरी वाळत घालणे येते. ते मनापासून करावे, कारण आजारी प्राणी ओळखायला याच कामात शिकता येते. कोणत्या कुत्र्याने कालचा भात तसाच ठेवला आहे, कोणाची विष्ठा पातळ झाली आहे, कोण कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले आहे, हे पिंजरा धुणाऱ्याच्या नजरेला सर्वांत आधी येते.

माझ्या पहिल्या वर्षी एका बांधकामावरून दोन पिल्ले उचलून मी ती आधीच्या तीन पिल्लांच्या खोक्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी एकाला उलट्या सुरू झाल्या, नंतर रक्ताचे जुलाब लागले. तो पार्व्हो होता. हा विषाणू मातीत आणि फरशीच्या फटींत महिनोन्महिने टिकतो आणि आपल्या चपलांबरोबर घरोघर जातो. पाचांपैकी दोनच पिल्ले वाचली. तेव्हापासून नवे पिल्लू किमान दोन आठवडे वेगळे ठेवणे, त्याचे भांडे आणि फडके वेगळे असणे, फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसणे आणि चपला बाहेर बदलणे हे आमच्याकडे कोणाच्याही सोयीसाठी शिथिल होत नाही.

आपला परिसर आणि आपली वही

दोन महिन्यांनंतर स्वतःचा परिसर निवडावा. तो चालत वीस मिनिटांत फिरून होईल एवढाच असावा, मग त्या नारायण पेठेतील चार गल्ल्या असोत किंवा कोथरूडमधील एखादी वसाहत. एक साधी दोनशेपानी वही घ्यावी आणि प्रत्येक प्राण्याला एक पान द्यावे. रंग, नर की मादी, अंदाजे वय, कोठे बसतो, त्याला कोण खायला घालते आणि कानाला खूण आहे का, हे त्यात लिहावे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला छोटी खाच दिलेली असते. ती लांबून दिसते, त्यामुळे पहिल्याच फेरीत कोणाची शस्त्रक्रिया बाकी आहे ते कळते. मोबाइलमधील फोटो उपयोगी पडतातच, पण मोबाइल हरवतो, बदलतो आणि दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

प्रत्यक्ष जखमी प्राणी समोर आल्यावर

पावसाळ्यात सर्वाधिक दिसणारी गोष्ट म्हणजे अळ्या पडलेली जखम. एका चहाच्या टपरीमागे बसणारी तांबडी कुत्री सारखी मान झटकत होती. जवळ गेल्यावर आधी वास आला, मग कानामागे रुपयाएवढे भोक दिसले आणि त्याच्या कडेला तांदळाच्या दाण्यांसारखे काहीतरी हलताना दिसले. माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून दिवसभरात अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत मांस खात आत शिरतात, म्हणून अशा जखमेला ‘उद्या बघू’ चालत नाही. टपरीवरचे काका कळवळ्यानेच रॉकेल ओतायला निघाले होते. रॉकेल, पेट्रोल किंवा फिनेल यांनी जखम भाजते, विष अंगात भिनते आणि वेदनेने पळालेले कुत्रे पुन्हा सापडत नाही, हे लोकांना त्याच जागी शांतपणे समजावून सांगावे लागते.

अशा वेळी सर्वप्रथम रस्त्यावरील वाहनांपासून प्राण्याला आडोसा द्यावा आणि मगच फोन करावा. फोनवर चार गोष्टी सांगाव्यात: कोणता प्राणी, काय झाले आहे, तो चालतो की पडून आहे आणि नेमकी जागा कोणती. पुण्यात एकाच नावाचे तीन चौक सापडतात, म्हणून नकाशावरचे ठिकाण पाठवावे आणि जोडीला समोरच्या दुकानाची पाटीही सांगावी. गाडी येईपर्यंत तेथून हलू नये, कारण जखमी प्राणी सरकत सरकत कोठल्या तरी पार्किंगमध्ये शिरतो आणि आलेले लोक रिकाम्या हाताने परततात.

गाडी मिळणार नसेल आणि स्वतःच न्यावे लागणार असेल, तर आधी तोंड बांधावे, कारण दुखणाऱ्या जनावराला ओळखीच्या माणसाचेही भान राहत नाही. साधारण चार फूट लांबीची बँडेजपट्टी घेऊन तिच्या मध्यावर सैल फास करावा, तो बाजूने येऊन हळूच नाकावरून सरकवून वरच्या बाजूला आवळावा, दोन्ही टोके जबड्याखाली एकदा ओलांडून घ्यावीत आणि कानांच्या मागे ओढताच सुटेल अशी गाठ मारावी. उलटी करणाऱ्या, धापा टाकणाऱ्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याचे तोंड बांधू नये. कंबर किंवा पाठ मोडल्यासारखी वाटली तर उचलू नये. जाड चादर शेजारी पसरून त्याला तीवर सरकवावे आणि चौघांनी चार टोके ताठ धरून न्यावे. बेशुद्ध प्राण्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. आपल्या घरातील वेदनाशामक गोळी तर कधीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

औषध कोणते, किती आणि किती दिवस हे पशुवैद्यच ठरवतील. औंधला शासनाचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तेथील वेळा आधीच वहीत लिहून ठेवाव्यात. दवाखान्यातून परतताना मात्र पुढची तारीख विचारायला विसरू नये. त्या तांबड्या कुत्रीच्या जखमेची साफसफाई पहिल्या दिवशी अर्ध्या तासात झाली, पण मांस भरून यायला आणि वर केस यायला तीन आठवडे लागले. त्या काळात रोज सकाळी कोणीतरी तिच्या खाण्यात गोळी घातली आणि कानामागचा फोटो काढला. माझ्या दृष्टीने खरे काम ते होते.

पक्षी, साप आणि मांजा

घार, घुबड, पोपट, साप यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे प्रेमापोटीसुद्धा त्यांना घरी ठेवता येत नाही. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. तोपर्यंत जखमी पक्ष्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत ठेवावे. चोचीत पाणी किंवा दूध घालू नये. संक्रांतीच्या सुमारास मांजात अडकलेले पक्षी सापडतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली असूनही हे घडते. मांजा ओढून काढू नये. तो पंखाच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून कापावा आणि पंखात रुतलेला तुकडा डॉक्टरांनाच काढू द्यावा. साप दिसला तर सुरक्षित अंतरावरून त्याच्यावर नजर ठेवावी आणि पकडण्याचा प्रयत्न करू नये.

माणसांशी बोलणे

प्राण्यांपेक्षा माणसांशी बोलायला अधिक वेळ लागतो आणि तो काढलाच पाहिजे. सोसायटीतील आजींना कुत्र्यांची भीती वाटत असेल तर ती खरी मानून ऐकावी. पहाटे दूध आणायला त्या कोणत्या वाटेने जातात ते विचारावे आणि त्या वाटेवर खाणे घालू नये. कायद्याची बाजूही नीट ठाऊक असावी. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशानुसार रस्त्यावर कोठेही खायला न घालता पालिकेने ठरवलेल्या जागीच घालायचे आहे. मात्र त्याच न्यायालयाच्या 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशानुसार शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री निवाऱ्यात हलवायची आहेत. महाविद्यालयाच्या आवारातील कुत्र्यांवर ज्यांचा जीव आहे त्यांना हे जड जाईल. तरीही प्राचार्य आणि पालिकेचे आरोग्य खाते यांच्याशी बोलूनच पाऊल टाकावे आणि काम सुरू करण्यापूर्वी नियमांची ताजी स्थिती विचारून घ्यावी. मुद्दाम छळ होताना दिसला तर स्वतः भांडायला न जाता तारीख, वेळ आणि फोटो यांसह पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

पैशांबाबत एकच नियम पुरे आहे: देणगी स्वतःच्या खात्यात घेऊ नये. ज्याला मदत करायची आहे त्याने दवाखान्यालाच थेट पैसे द्यावेत आणि पावती वहीच्या पानाला टाचावी.

परीक्षा, सुट्टी आणि निरोप

परीक्षेच्या तीन आठवडे आधी नवीन प्राणी हाती घेणे थांबवावे. चालू असलेल्या उपचारांपुरते जोडीदाराबरोबर वार वाटून घ्यावेत आणि ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. शेवटच्या वर्षाला गेल्यावर, पुणे सोडण्यापूर्वी निदान दोन महिने, पहिल्या वर्षातील एखाद्याला बरोबर घेऊन फिरावे. सुरुवातीला खाणे तुम्ही घालावे आणि त्याने शेजारी नुसते उभे राहावे. मग त्याने घालावे आणि तुम्ही मागे थांबावे. टपरीवरचे काका, वॉचमन, दवाखान्यातील मदतनीस या सगळ्यांशी त्याची नावानिशी ओळख करून द्यावी. ज्या रविवारी तुम्ही न जाताही कुत्री त्याच्याभोवती शेपट्या हलवत जमतील, त्या दिवशी वही त्याच्या हाती द्यावी.