जुन्या ग्राफिक्स कार्डची थर्मल पेस्ट आणि पॅड बदलताना: आधी जाडी मोजा

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे, ग्राफिक्स कार्डांवर चालणारे मायनिंग बंद झाले आणि वापरलेल्या ग्राफिक्स कार्डांचा बाजारात ओघ सुरू झाला. त्यांतली कित्येक कार्डे पुण्यात अजूनही एका हातातून दुसऱ्या हातात जात आहेत. चिप उत्तम, पंखे ठीकठाक, पण चिप आणि तिची उष्णता काढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधली पेस्ट सुकलेली आणि मेमरीसारख्या बाकीच्या भागांवरचे मऊ पॅड तेल सोडून ठिसूळ झालेले, अशी त्यांची सर्वसाधारण अवस्था असते. नवी पेस्ट आणि योग्य पॅड लावले की असे कार्ड पुढे चांगले चालते. मात्र या कामाविषयी जो सल्ला सर्रास दिला जातो, त्यात पेस्ट कोणती आणि किती यावर भरपूर चर्चा होते आणि पॅडचा विषय ‘दीड मिलिमीटरचे घ्या, सगळीकडे चालतात’ एवढ्यावर उरकला जातो. हा सल्ला साफ चुकीचा आहे. दुरुस्तीनंतर आधीपेक्षा जास्त तापणारी जी कार्डे माझ्यासमोर आली, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ दुखणे पॅडची जाडी हेच होते.

कार्ड उघडण्यापूर्वी ते खरोखर उघडण्याची गरज आहे का, हे पाहावे. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम सुरू करून वीस-पंचवीस मिनिटे एखादा जड गेम चालवावा आणि तीन आकडे लिहून ठेवावेत: मुख्य चिपचे तापमान, हॉटस्पॉटचे म्हणजे चिपवरच्या सर्वांत तप्त जागेचे तापमान आणि कार्ड दाखवत असेल तर मेमरीचे तापमान. चिप आणि हॉटस्पॉट यांत १० ते १५ अंशांचा फरक असेल तर काळजीचे कारण नाही. तो २५ च्या पुढे गेला असेल तर डाय (म्हणजे मुख्य चिपचा उघडा सिलिकॉनचा तुकडा) आणि हीटसिंक यांचा संपर्क बिघडला आहे, असे समजावे. आरटीएक्स ३०८० किंवा ३०९० सारख्या जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डांमध्ये मेमरी ११० अंशांपर्यंत पोहोचली की कार्ड स्वतःहून वेग कमी करते, म्हणून तिथे मेमरीचा आकडा अधिक महत्त्वाचा. सगळे आकडे ठीक असतील तर कार्डाला हात लावू नये. आकड्यांच्या शेजारी खोलीचे तापमानही लिहावे, कारण पुण्यात एप्रिलची दुपार आणि त्याच दिवसाची पहाट यांत इतका फरक असतो की दुपारी घेतलेला आकडा दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या आकड्याशी ताडून काहीही सिद्ध होत नाही. कार्डाची वॉरंटी शिल्लक असेल, तर स्क्रूवरचे स्टिकर फाडण्यापूर्वी कंपनीच्या अटी वाचाव्यात.

उघडण्याचे काम सोपे आहे. चाचणी संपल्यावर कार्ड कोमट असतानाच खोलावे, म्हणजे सुकलेली पेस्ट सहज सुटते. हीटसिंक निघत नसेल तर हलकेच डावी-उजवीकडे फिरवावा; फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये, कारण डायचा कोपरा तुटला तर कार्ड संपले. दोन्ही भाग एकदम दूर ओढू नयेत, मध्ये पंख्यांच्या आणि दिव्यांच्या वायरी असतात. त्यांचे कनेक्टर वायरीला न ओढता चिमट्याने सोडवावेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरून डाय आणि हीटसिंक लख्ख पुसावेत. जुने पॅड मात्र अजून फेकू नयेत आणि पुसूनही टाकू नयेत.

आता मुख्य भाग. हा टप्पा नीट समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, म्हणून तो सविस्तर सांगतो. कार्डावर डाय, मेमरीच्या चिपा आणि व्हीआरएमचे (म्हणजे चिपला वीज पुरवणाऱ्या भागाचे) मॉसफेट यांची उंची वेगवेगळी असते. वर बसणारा हीटसिंक मात्र बहुधा एकच असतो आणि त्याचे खालचे पृष्ठभागही एका पातळीत नसतात. डायभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू हीटसिंकला डायवर दाबून धरतात. हीटसिंक डायवर टेकल्यानंतर बाकीच्या भागांवर जी फट उरते, ती भरणे एवढेच पॅडचे काम. ती फट कंपनीगणिक, मॉडेलगणिक आणि एकाच कार्डावर मेमरी व व्हीआरएम यांच्यासाठीही निराळी असू शकते. त्यामुळे सगळीकडे चालणारी जाडी अस्तित्वातच नाही.

पॅड गरजेपेक्षा जाड असला तर तोच हीटसिंकला अडवून धरतो. डाय आणि हीटसिंकचे तांबे यांच्यात मिलिमीटरचा लहानसा अंश जरी फट राहिली तरी ती जागा पेस्टला भरून काढावी लागते आणि पेस्टची उष्णता वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या जवळपासही नसते. मग हॉटस्पॉट भडकतो आणि माणूस पेस्टला दोष देऊन आणखी महाग पेस्ट आणतो. एका कार्डावर आधीच्या मालकाने सरसकट २ मिमीचे पॅड लावले होते. उघडून पाहिले तेव्हा पॅडवर मेमरीच्या चिपांच्या कडा खोल रुतलेल्या होत्या आणि डायवरची पेस्ट एका बाजूला जाड पट्टीसारखी, जशी ट्यूबमधून निघाली तशीच, पडून होती. ती पेस्ट चांगल्या प्रतीची होती; तिच्यापर्यंत दाब पोहोचलाच नव्हता. अशा वेळी स्क्रू अधिक आवळणे हा उपाय मुळीच नव्हे. त्याने पीसीबी, म्हणजे कार्डाची मूळ पाटी, वाकते आणि चिपांखालच्या सोल्डरच्या जोडांवर ताण येतो.

पॅड पातळ असण्याचा दोष याहून फसवा आहे. तेव्हा डायचा संपर्क उत्तम होतो, चिपचे तापमान झकास दिसते आणि हीटसिंकला न टेकलेली मेमरी मात्र आतल्या आत भाजत राहते. केवळ चिपच्या तापमानाचा स्क्रीनशॉट दाखवून ‘पंधरा अंश कमी झाले’ असे जे सांगितले जाते, त्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

तेव्हा पॅड मागवण्याआधी कार्ड उघडून जाडी मोजावी. उलट क्रमाने काम करणारे जवळजवळ सगळेच चुकीचे पॅड घेऊन बसतात. जुना पॅड कंपनीचा असेल, म्हणजे सरळ, एकसारखा कापलेला आणि आधी कुणी न बदललेला दिसत असेल, तर चिपेबाहेर राहिलेल्या त्याच्या न दबलेल्या कडेची जाडी डिजिटल व्हर्नियरने दोन-तीन ठिकाणी मोजावी. व्हर्नियरचे जबडे पॅडला फक्त स्पर्श करतील इतपतच मिटवावेत. दाबले तर मऊ पॅड खोटी जाडी दाखवतो. मेमरी आणि व्हीआरएम यांची मापे वेगवेगळी लिहावीत आणि कुठला पॅड कुठे होता याचा फोटो काढून ठेवावा.

पॅड आधीच कुणीतरी बदललेले असतील तर त्यांच्या मापावर विसंबू नये. तिथे मुलांच्या खेळण्यातली मऊ क्ले कामाला येते. क्लेच्या छोट्या गोळ्या पातळ प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून प्रत्येक प्रकारच्या भागावर एकेक ठेवावी, डायवर थोडी पेस्ट लावावी, सगळे जुने पॅड काढून हीटसिंक पूर्ण आवळावा आणि पुन्हा उघडून गोळ्यांची जाडी मोजावी. तीच खरी फट. पॅड त्या फटीपेक्षा थोडा जाड हवा, जेणेकरून तो सुमारे वीस टक्के दबेल: फट ०.८ मिमी असेल तर १ मिमीचा, १.२ मिमी असेल तर १.५ मिमीचा. दोन मापांच्या मधोमध अडकलात तर मऊ पॅडमधले मोठे माप घ्यावे, कडक पॅडमधले कधीही नाही.

मऊपणाला मी उष्णतावहनाच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्व देतो. काही पाकिटांवर शोर ०० या कडकपणाच्या मापाचा आकडा असतो. तो जितका कमी तितका पॅड मऊ. उष्णतावहनाचा मोठा आकडा मिरवणारे अनेक पॅड कडक असतात आणि जाडीतली जराशी चूकही पोटात घेत नाहीत. ६ ते ८ वॉट प्रति मीटर-केल्व्हिनचा, नीट दबणारा पॅड बहुतेक कार्डांना पुरेसा आहे. दोन पातळ पॅड एकावर एक ठेवून जाडी जुळवू नये, मध्ये हवा अडकते. पॅडच्या दोन्ही बाजूंची फिल्म काढावी. एका बाजूची राहून गेलेली कार्डे मी पाहिली आहेत. मापाचा भरवसाच वाटत नसेल तर पॅडऐवजी थर्मल पुट्टी, म्हणजे उष्णता वाहून नेणारा मऊ लगदा, वापरावी, कारण ती मिळेल त्या फटीत बसते आणि हीटसिंकला अडवत नाही. पुढच्या वेळी पुसताना ती त्रास देते, तेवढे सोसावे. आरटीएक्स ३०९० घेतले असेल तर अर्ध्या मेमरी चिपा मागच्या बाजूला, बॅकप्लेटखाली असतात, हे विसरू नये.

अल्कोहोल, चिमटे आणि बारीक स्क्रूड्रायव्हर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात मिळतात. पॅड मात्र ज्यांच्या पाकिटावर जाडी स्पष्ट छापलेली आहे तेच घ्यावेत. ते येईपर्यंत उघडे कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवावे, पावसाळ्यात तर नक्कीच.

पेस्टबाबत थोडक्यात सांगतो. ‘मटाराच्या दाण्याएवढी’ हा सल्ला धातूचे झाकण असलेल्या प्रोसेसरसाठी आहे. ग्राफिक्स कार्डाचा डाय उघडा असतो, म्हणून त्याचा प्रत्येक कोपरा पेस्टने झाकला गेला पाहिजे. पातळ थर पसरवून घेणे उत्तम. पातळ, ओघळणारी पेस्ट वारंवार तापण्या-निवण्याने डायवरून बाहेर सरकते, त्यामुळे घट्ट पेस्टच निवडावी. हनीवेलचे पीटीएम ७९५० हे पेस्टऐवजी लावायचे, सुमारे ४५ अंशांना मऊ होणारे पातळ शीट मला त्याहून पसंत आहे. उन्हाळ्यात त्याची फिल्म सुटत नाही, तेव्हा ते बंद पाकिटासकट दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावला जाणारा द्रव धातू, वापरू नये: ते वीज वाहून नेते आणि ॲल्युमिनियम पोखरते.

डायभोवतीचे चार स्क्रू तिरकस क्रमाने, प्रत्येक वेळी थोडे थोडे आवळावेत. पेस्ट लावली असेल तर एकदा पुन्हा उघडून ठसा पाहण्याचा कंटाळा करू नये. संपूर्ण डायवर सारखा, पातळ थर आणि प्रत्येक पॅडवर चिपेचा उथळ, पूर्ण चौकोन दिसला तरच पेस्ट नव्याने लावून कार्ड कायमचे बंद करावे. पंख्यांचे कनेक्टर परत जोडायला विसरू नये.

त्यानंतर तीच चाचणी, तोच गेम, शक्यतो त्याच वेळी आणि त्याच खोलीत. चिप थंड आणि मेमरी आधीपेक्षा गरम असेल तर पॅड पातळ पडले आहेत. मेमरी थंड आणि हॉटस्पॉटचा फरक वाढलेला असेल तर ते जाड आहेत. पहिल्या दिवसाचे आकडे अंतिम धरू नयेत, कारण मऊ पॅड आणि पीटीएम काही वेळा तापून निवल्यावरच नीट बसतात. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावे. तेव्हा फरक वाढत चाललेला दिसला तर पेस्ट बाहेर सरकते आहे, असे समजून तिच्या जागी पीटीएम लावावे. पॅड मात्र ठशाची खातरजमा झालेली असल्यास तसेच राहू द्यावेत.