यकृताचं भीतीचं पोस्टर पाहिलंत? आधी कागद-पेन घ्या

वेटिंग रूममध्ये माझ्या खुर्चीसमोरच ते पोस्टर होतं. काळपट, गाठीगाठींचं यकृत, दारापेक्षाही उंच छापलेलं. खाली एकच वाक्य, अर्थ असा की हे तुमच्या पोटात आत्ता चाललंय, उशीर करू नका. अगदी तळाला, बसल्या माणसाच्या चपलेच्या उंचीवर, बारीक अक्षरांत औषध कंपनीचं नाव. साल २००३. माझ्या मांडीवर हिपॅटायटिस सी पॉझिटिव्हचा रिपोर्ट होता. १९८६ साली बाळंतपणात मला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. तेव्हा या विषाणूला नावही नव्हतं. तो १९८९ साली ओळखला गेला आणि दान केलेलं रक्त त्यासाठी तपासायला त्यानंतर सुरुवात झाली.

आत गेल्या गेल्या मी डॉक्टरांना म्हणाले, "आजच औषध सुरू करा." बायोप्सी करून यकृत किती बिघडलंय ते आधी बघू, असं ते म्हणत होते. मी ऐकलं नाही. आठवड्याला एक इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रिबाविरिनच्या गोळ्या, ठरलेले ४८ आठवडे. शुक्रवारी संध्याकाळी इंजेक्शन, रात्री हुडहुडी, शनिवार-रविवार अंथरुणात. हिमोग्लोबिन १२.८ वरून ९.४ वर आलं. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. कारण नसताना रडू यायचं. चोविसाव्या आठवड्यात रक्तात विषाणू तसाच दिसत होता म्हणून औषध बंद केलं.

माझ्या धाकट्या भावाचं बरोब्बर उलट झालं. रक्तदान केल्यावर त्याला अँटीबॉडी पॉझिटिव्ह असल्याचं पत्र आलं होतं. माझ्याबरोबर तो एकदा त्या वेटिंग रूममध्ये आला, पोस्टरकडे बघितलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. पुढची तीन वर्षं त्याने एकही तपासणी केली नाही. पत्र कपाटात, कपड्यांच्या घडीखाली.

एकच चित्र, पण मला त्याने नको तितकं पळवलं आणि त्याला जागच्या जागी गोठवलं. गेली काही वर्षं मी नव्याने निदान झालेल्या लोकांशी फोनवर बोलते, आणि या दोन्ही तऱ्हा मला सतत भेटतात. म्हणून अशी जाहिरात समोर आली की काय करायचं ते इथे लिहितेय.

पहिल्यांदा पोस्टरचा तळ वाचा. पैसे कोणी दिलेत ते तिथे असतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची नाव घेऊन थेट लोकांसमोर जाहिरात करायची मोकळीक श्रीमंत देशांपैकी फक्त अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये आहे. बाकीकडे कंपन्या औषधाऐवजी रोगाची जाहिरात करतात. अमेरिकेतही ही वाट वापरली जाते, कारण औषधाचं नाव घेतलं नाही की दुष्परिणाम सांगायचं बंधन उरत नाही. यकृत दाखवायचं, घड्याळ दाखवायचं, 'डॉक्टरांशी बोला' म्हणायचं. मी इंटरफेरॉन घेतलं त्या काळात पोस्टरवर नैराश्याबद्दल, म्हणजे त्या औषधाच्या एका मोठ्या दुष्परिणामाबद्दल, एक शब्द नव्हता, आणि तो नसणं नियमात बसत होतं. कंपनीचं नाव दिसलं म्हणून पोस्टर खोटं ठरत नाही. ते यकृत खरंच सिरॉसिसचं, म्हणजे व्रण पडून कडक झालेलं होतं. पण ते रस्त्याच्या शेवटचं छायाचित्र आहे, आणि तुम्ही रस्त्यावर कुठे उभे आहात हे त्यात नाही.

दुसरं, त्यातून गाळलेले आकडे स्वतः लिहून काढा. सगळ्यात आधी गाळतात ती वर्षं. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे असे: विषाणू शिरलेल्या १०० माणसांपैकी १५ ते ४५ जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत औषधाशिवाय निघून जातो. ज्यांच्यात तो मुक्काम ठोकतो, त्यांना वीस वर्षांत सिरॉसिस होण्याचा धोका शेकडा १५ ते ३०. हा आकडा लहान नाही. जगात सुमारे ५ कोटी माणसं या विषाणूसह जगतायत आणि २०२२ साली त्याने सुमारे २ लाख ४२ हजार जीव घेतले. पण 'वीस वर्षांत' आणि 'आत्ता' यात फरक आहे, आणि त्या फरकात नीट तपासण्या करायला भरपूर वेळ असतो. दारू, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही किंवा मधुमेह सोबत असेल तर तो वेळ कमी होतो. तुम्हाला यातलं काही असेल तर त्याच कागदावर लिहा.

तिसरं काम सगळ्यात मोलाचं. तुमच्याकडे नेमका कोणता रिपोर्ट आहे ते बघा. अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. तो आज आहे का, हे आरएनए तपासणी सांगते. तिलाच बरेच जण व्हायरल लोड म्हणतात. फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारते, "आरएनए झालं का?" अर्धे लोक म्हणतात, "ते काय असतं?" माझा भाऊ तीन वर्षं ज्याला घाबरत होता, ते या दोन तपासण्यांमधलं अंतर होतं. शेवटी वहिनीने ते पत्र शोधून काढलं आणि त्याला हाताला धरून नेलं. आरएनए निगेटिव्ह. विषाणू केव्हाच आपोआप निघून गेला होता. तो रिपोर्ट हातात घेऊन तो माझ्या स्वयंपाकघरात बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

आरएनए पॉझिटिव्ह आलं तर यकृताची आजची अवस्था काढायची. फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारा स्कॅन) झालं तर उत्तमच, पण त्याआधी साध्या रक्ततपासणीवरून अंदाज येतो. त्याला फिब-४ म्हणतात. कागदावर मांडा: वय गुणिले एसजीओटी (हे आणि एसजीपीटी ही रक्ततपासणीत मोजतात ती यकृताची एन्झाइम्स), हे वर. खाली प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. माझे २००३ चे आकडे घेते. वय ४६, एसजीओटी ५२, म्हणजे वर २३९२. प्लेटलेट्स २ लाख १० हजार, म्हणून २१०. एसजीपीटी ८१, त्याचं वर्गमूळ ९, म्हणजे खाली १८९०. भागाकार १.२७. हा आकडा १.४५ च्या खाली असेल तर यकृत फार निबर झालेलं असण्याची शक्यता कमी, ३.२५ च्या वर गेला तर बरंच नुकसान झालेलं असण्याची शक्यता मोठी, आणि मधे आला तर स्कॅनशिवाय सांगता येत नाही. हे सूत्र २००३ मध्ये कोणाच्या हातात नव्हतं. बऱ्याच वर्षांनी जुनी फाइल काढून मी ते मांडलं आणि त्या शुक्रवारच्या रात्री आठवून पोटात कालवलं. मला थांबता आलं असतं.

पण हे वाचून आज थांबू नका. मी थांबायला हवं होतं, कारण तेव्हाचं औषध जड होतं आणि माझ्या जिनोटाइप १ वर (विषाणूचा एक प्रकार) ते जेमतेम निम्म्या लोकांना लागू पडायचं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीला मान्यता मिळाली आणि हिशेबच बदलला. आता बहुतेकांना ८ किंवा १२ आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात, आणि शंभरातले ९५ हून जास्त बरे होतात. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून सांगतेय की यकृत बिघडण्याची वाट बघू नका, विषाणू असलेल्या प्रत्येक प्रौढाला उपचार द्या. म्हणजे आज पोस्टर 'उपचार घ्या' म्हणतं तेव्हा ते बरोबरच सांगतं. घाई मात्र आठवड्यांच्या हिशेबाने करायची, मिनिटांच्या नाही. मधल्या काही दिवसांत करायच्या गोष्टी आहेत आणि त्या पोस्टरवर कधीच नसतात.

त्यातली एक म्हणजे हिपॅटायटिस बीची तपासणी. बी शरीरात दबून बसलेला असेल, तर सीचा विषाणू मारल्यावर तो उसळू शकतो. काही माणसं त्यात दगावली आहेत, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली या गोळ्यांवर त्यासाठी ठळक चौकटीतला इशारा टाकला. दुसरी, तुम्ही घेता त्या सगळ्या औषधांची यादी, अॅसिडिटीच्या गोळीसकट. सोफोसबुविरबरोबर दिलं जाणारं लेडिपासविर किंवा वेलपाटासविर पोटात पुरेसं आम्ल नसेल तर नीट शोषलं जात नाही. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर सोफोसबुविरबरोबर ठोके धोकादायक मंदावू शकतात. फिट्ससाठीचं कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन आणि क्षयाचं रिफाम्पिसिन या गोळ्यांचा असर मारतात. डॉक्टर विचारतीलच अशा भरवशावर राहू नका. डबे, पाकिटं, सगळं पिशवीत घालून घेऊन जा आणि टेबलावर मांडा.

घरच्यांबद्दल. भीतीच्या जाहिरातींनी सर्वांत मोठं नुकसान इथे केलंय असं मला वाटतं. अंधारातला चेहरा, सुई, काळा पडलेला अवयव, हे बघितलेल्या माणसाला तुम्ही रिपोर्ट सांगितलात की तो आधी तुमच्या ताटाकडे बघतो. माझ्या घरी एका नातेवाईक बाईंनी माझा पेला वेगळा ठेवला होता. हा विषाणू रक्तातून जातो. ताट, पेला, मिठी, खोकला, अंगावरचं दूध यातून जात नाही. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नखं कापायचं यंत्र वेगळं ठेवा, जखम झाकून ठेवा. एवढं घरात सगळ्यांसमोर एकदाच, स्पष्ट आवाजात सांगा. चोरून सांगितलं की संशय वाढतो.

मी २०१५ साली सोफोसबुविर आणि लेडिपासविरची एकत्र गोळी १२ आठवडे घेतली. रोज सकाळी एक. थोडं डोकं दुखायचं, बस. गोळ्या संपल्यानंतर बारा आठवड्यांनी आरएनए केलं, विषाणू नाही. ही शेवटची तपासणी चुकवू नका, बरं झालात की नाही ते तीच ठरवते. तो रिपोर्ट जन्मभर जपा, कारण अँटीबॉडी पुढेही पॉझिटिव्हच येत राहते आणि नवा डॉक्टर पुन्हा घाबरवतो. पुन्हा लागण होऊ शकते हेही लक्षात असू द्या. आणि उपचाराआधीच सिरॉसिस झालेला असेल, तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका पूर्ण जात नाही.

आता पोस्टर लावणाऱ्यांसाठी. दवाखाना चालवत असाल, संस्थेत काम करत असाल आणि कंपनीचा माणूस असं पोस्टर गुंडाळी करून घेऊन आला, तर हे वाचा. अमेरिकेत येल विद्यापीठात धनुर्वाताच्या लशीवर एक प्रयोग झाला होता, १९६५ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना पत्रकं दिली, काहींना भयंकर फोटोंची, काहींना सौम्य. भयंकर पत्रक वाचलेले जास्त घाबरले, लस घ्यायला हवी असंही म्हणाले. पण प्रत्यक्षात लस टोचून घेण्यात भीतीच्या कमी-जास्तपणाने फरक पडला नाही. फरक पडला एका नकाशाने. ज्यांना आवारातला दवाखाना नकाशावर दाखवला आणि कधी जाणार ते ठरवायला सांगितलं, त्यांच्यातले शेकडा २८ गेले. नकाशा न मिळालेल्यांतले शेकडा ३. त्या मुलांना दवाखाना कुठे आहे हे आधीही माहीत होतंच.

ज्या दवाखान्यात मी फोनचं काम करते तिथेही एक काळं यकृत भिंतीवर आहे. ते काढायला परवानगी मिळाली नाही. म्हणून मी त्याच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर, हाताने लिहिलेला कागद चिकटवलाय: "अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहे? आरएनए तपासणी खोली ४ मध्ये, सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते १२. उपाशी यायची गरज नाही. तुम्ही कोणत्या दिवशी येणार?" खाली दोरीला पेन्सिल आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. चिठ्ठीवर लोक वार लिहितात आणि खिशात घालतात. गठ्ठा दर पंधरा दिवसांनी नवा ठेवावा लागतो.